थांबणाऱ्यांची शर्यत

एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि तोंडाचा आ वासलेला... अशी ताई पलंगाच्या कडेवर किती वेळ बसली होती कोण जाणे. रविवार होता, म्हणून सवयीने उजाडताच जाग आली होती. मोजा चढवता चढवता आठवलं, की आज शर्यत नाही. महिना संपला. आणि मग तो अख्खा महिना एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि बाईसाहेब जागच्या जागी थिजल्या.

"ताई, तोंड मीट," शेजारच्या पलंगावरून धाकटी बहीण म्हणाली. तिचा एक पाय उशीवर होता, घोट्याला पट्टी होती, आणि जिभेला मात्र काहीही झालेलं नव्हतं. "दिवसभर लोकांच्या तोंडाचा विचार करून करून तुझंच उघडं राहायला लागलंय."

"मी गेल्या महिन्याचा विचार करतेय."

"गेल्या महिन्याचा, की लिफ्टवाल्यांचा?"

ताईने हातातला मोजा तिला फेकून मारला. उत्तर दोघींनाही माहीत होतं. तो आज सकाळी घरी येणार होता. तिनेच बोलावलं होतं. त्याने तिला एक प्रश्न विचारावा म्हणून. आणि तो विचारू शकेल की नाही, याची तिला अजिबात खात्री नव्हती.

खरं सांगायचं तर ताई पळणाऱ्यांतली नव्हतीच. ती कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवायचा, घासून घासून गुळगुळीत करायचा. हे काम बसून करायचं असतं. तिच्या कामाच्या खोलीत पळणारी वस्तू एकच होती, दात घासायचं यंत्र, आणि तेही टेबलाला घट्ट बसवलेलं होतं. पळायचं खूळ धाकटीचं. प्रौढांच्या शर्यती होत्या, महिनाभर, दर रविवारी, तळ्याभोवती. धाकटीने दोघींची नावं परस्पर घातली, आणि पहिल्या शर्यतीच्या आदल्याच दिवशी बसमधून उतरताना पाय मुरगळून घेतला.

"संघात निदान तीन बायका लागतात," ती अंथरुणातून म्हणाली. "मी गेले कामातून. आता तूही गेली नाहीस तर उरलेल्या दोघींच्या मेहनतीवर पाणी पडेल."

"तिसरी कुणीतरी बघा. पळणारी."

"ताई, पळायचं नसतंच गं. संपवायचं असतं. कितीही वेळाने."

एवढ्यावर ताई फसली.

पहिला धक्का बसला तो शर्यत सुरू व्हायच्याही आधी. गळ्यात शिट्टी घातलेल्या एक बाई सगळ्यांना कागद वाटत होत्या. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. छातीवर लावायला त्यांनी ताईला एक आकडा दिला, ते ठीक होतं. मग म्हणाल्या, "पाठ करा."

"कशाला?"

"तुमचा गट लावायचा. पन्नास."

"पाठीवर? अहो, सगळ्यांना दिसेल की."

"त्यासाठीच लावतात. मागून येणाऱ्याला कळायला नको, आपण कुणाला मागे टाकतोय ते?"

आणि शिट्टीबाईंनी सेफ्टी पिनेने तिचं वय तिच्या पाठीवर टोचून टाकलं. गेली काही वर्षं जी बाई 'चाळिशी उलटली' एवढ्यावर भागवत होती, ती आता पन्नाशीची पाटी लावून चारचौघांत उभी होती. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांच्याच पाठीवर पाट्या, आणि लाज कुणालाच नाही. उलट एक बाई मोठ्या आनंदाने सांगत होती की पुढच्या महिन्यात तिला साठावं लागतंय, "मग काय, नव्या गटात सगळ्यांत लहान मीच." म्हातारं व्हायला एवढी उतावीळ झालेली माणसं ताईने जन्मात पाहिली नव्हती.

पुरुषांची शर्यत आधी झाली, मग बायकांची. तळ्याला दोन फेऱ्या. पहिल्या फेरीतच तिच्या पुढचं शेवटचं माणूस वळणाआड दिसेनासं झालं. दुसरी फेरी तिने थोडी पळत, थोडी चालत, बरीचशी स्वतःला आणि धाकटीला शिव्या देत पुरी केली. वळण घेऊन पाहते तर काय, शेवटच्या रेषेवरची कमान उतरवलेली, टेबलं घडी करून ठेवलेली, माणसं आपापल्या घरी. कुणाचं काही चुकलं नव्हतं म्हणा, ती आहे हेच बहुधा कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

फक्त एक माणूस उभा होता. एका हातात पाण्याचा पेला, आणि दुसऱ्या हाताने रस्त्यावर ठेवतात तसा केशरी प्लास्टिकचा कोन धरलेला.

"रेषा इथे आहे," तो म्हणाला. "कमान नेली त्यांनी. रेषा मी धरून ठेवलीय."

ती रेषा ओलांडून गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. "तुम्ही... कशाला... थांबलात?"

"शर्यत संपली नव्हती ना अजून."

तिने मान वर केली, आणि सवयीने आधी त्याचे दात पाहिले. वरचा डावा सुळा किंचित आत वळलेला. बाकी बत्तीशी व्यवस्थित, आणि सगळी स्वतःची. तिच्या धंद्याला हा माणूस काही उपयोगाचा नव्हता, पण पाहायला बरा होता.

"एक सांगू? रागावणार नसाल तर," तो म्हणाला. "शिट्टीबाईंनी तुमच्या पाठीवर चुकीचा कागद लावलाय."

"का?"

"पन्नास लिहिलंय."

"मग बरोबर आहे."

"काय सांगता," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका खरोखरीचा चकित झाला होता, की दम लागलेला असूनही ती हसली. हसता हसता खोकली. खोकता खोकता त्याच्याच पेल्यातलं पाणी प्याली, आणि तिथे तिचा पहिला रविवार संपला.

घरी येऊन धाकटीला सगळं सांगितलं, तर धाकटी ताडकन उठून बसली. "लिफ्टवाले? लिफ्टा दुरुस्त करणारे ते? उंच? थोडे पिकलेले केस? अगं ताई, ते त्यांच्या गटात गेली तीन वर्षं पहिले आहेत. ते पळून, अंघोळ करून, पेपर वाचून होईपर्यंत बाकीचे यायचे असतात."

"ते आज थांबले होते."

"कुणासाठी?"

ताईने बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. धक्का होता तो हाच. तिचं लग्न झालं होतं तेव्हा नवरा कायम दहा पावलं पुढे चालायचा. बाजारात, स्टेशनवर, दवाखान्यात, लग्नाकार्यात. हातात पिशव्या घेऊन ही मागून धावतेय आणि त्याची पाठ गर्दीत शोधतेय, असा संसार वर्षानुवर्षं चालला. एक दिवस ती रस्त्यात सरळ थांबली. त्याला ते कळायलाच बराच वेळ लागला. मग दोघं रीतसर वेगळे झाले, भांडण न करता, आणि तेव्हापासून ती आपल्या चालीने चालत होती. पुढे गेलेली माणसं तिला ठाऊक होती. पुढे जाऊन थांबलेलं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दुसऱ्या रविवारी झिमझिम पाऊस होता. ती पुन्हा शेवटची आली. कमान पुन्हा उतरवलेली होती, आणि तो पुन्हा उभा होता, या खेपेला छत्री धरून. छत्री मात्र त्याच्या डोक्यावर नव्हती, पाण्याच्या पेल्यावर होती. स्वतः नखशिखान्त भिजला होता.

"पेल्यात पावसाचं पाणी गेलं असतं," तो म्हणाला.

"आणि तुम्ही भिजलात ते?"

"मी वाळतो."

ती त्याच्या छत्रीत आली. दोघं झाडाखाली उभे राहिले, तळ्यावर पडणारे थेंब बघत. ती आपल्या नवऱ्याबद्दल कुणाशी बोलायची नाही, त्याच्याशी बोलली. का बोलली, याचा घरी जाताना तिलाच अचंबा वाटत होता. तो मधे एकदाही बोलला नाही, 'अरेरे' सुद्धा म्हणाला नाही. शेवटी म्हणाला, "दहा पावलं म्हणजे फारच. एवढ्या अंतरावरून बोलणार काय माणूस."

तेवढ्यात पावसात भिजत शिट्टीबाई ओरडून सांगून गेल्या, की शेवटच्या रविवारी शर्यत वेगळी असेल. बायका, पुरुष सगळे एकत्र. तिसऱ्या रविवारी ज्याला जितका वेळ लागेल, त्यावरून तुकड्या पडतील. सगळ्यांत हळू तुकडी आधी सुटणार, सगळ्यांत जलद शेवटी. जो आधी पोचेल तो जिंकला. "आणि मुद्दाम रेंगाळून कुणी लवकरची तुकडी मिळवलेली दिसली," त्यांनी बोट नाचवलं, "तर माझ्याशी गाठ आहे."

तो बराच वेळ छत्रीच्या काडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "शेवटच्या रविवारी आपण एकत्र सुटलो तर... मला तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा की."

"आत्ता नाही जमणार. तुम्ही समोर आहात."

"म्हणजे?"

"लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात. माझी सगळी हयात तिथे गेली. कुणी शेजारी असेल आणि दोघं समोर बघत असू, तर मी काय वाटेल ते बोलू शकतो. पण समोरासमोर म्हटलं की..." त्याने हाताने बंद पडलेल्या लिफ्टची खूण केली.

"म्हणजे पळता पळता विचारणार?"

"एकत्र सुटलो तर."

तिच्या कानांपर्यंत ऊन चढल्यासारखं झालं, पावसात. "आणि नाही सुटलो तर?"

"तर... सुटू आपण," तो म्हणाला, आणि अर्थात तळ्याकडे बघत म्हणाला.

घरी जाता जाता ताईने ठरवून टाकलं. त्याची तुकडी सगळ्यांत जलद, तिची सगळ्यांत हळू. एकत्र सुटायचं तर कुणीतरी हलायला हवं, आणि त्याने तिला सरळसरळ आव्हान दिलं होतं. निदान तिला तसं वाटलं. तिची कामाची खोली सगळ्यांत वरच्या मजल्यावर. तिने लिफ्टने जाणं बंद केलं. सकाळी जिना, दुपारी जिना, कवळीचं मेण आणायला जिना, काहीही कारण नसताना जिना. संध्याकाळी तळ्याभोवती पळायला. धाकटी पाय उशीवर ठेवून स्टॉपवॉच धरायची आणि फोनवरून ओरडायची.

"त्यांच्याएवढी जलद तू या जन्मात होणार नाहीस, ताई."

"माहितीय."

"मग?"

"मग काय, बसून राहू?"

तिसऱ्या रविवारी शिट्टीबाईंनी क्रम बदलला, बायका आधी पळवल्या. तो आलेला नव्हता. कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली होती आणि आत माणसं होती, असं कुणीतरी म्हणालं. एका अर्थी बरंच झालं, कारण ती पळाली ती भुतं मागे लागल्यासारखी. वळणापाशी तिने एका बाईला मागे टाकलं. मग आणखी एकीला. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाच्या पाठीवरचं वय जवळून वाचलं, आणि मग ते मागे टाकलं. कमान अजून उभी होती. कमानीखालून जायला किती छान वाटतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याची वाट पाहायची होती, पण फोन वाजला. एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांची कवळी सकाळी सकाळी हातातून पडून दुभंगली होती, आणि दुपारी त्यांना नातीच्या लग्नात भाषण करायचं होतं. ताई तशीच घामेजल्या अंगाने कामावर पळाली. त्यामुळे नंतर पुरुषांच्या शर्यतीत काय घडलं, ते तिला कळलं नाही. आणि तिने काय केलं होतं, ते त्याला.

शेवटचा रविवार स्वच्छ उजाडला. धाकटी काठी टेकत आली होती. शिट्टीबाई स्टुलावर चढून तुकड्या पुकारत होत्या. पहिली तुकडी, सगळ्यांत हळू. पहिले दोन रविवार जिथे ताईची जागा होती तीच. एक आजोबा पुढे झाले, दोन आज्या झाल्या. आणि मग शिट्टीबाईंनी लिफ्टवाल्यांचा आकडा पुकारला.

सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या. तो मान खाली घालून पुढे आला आणि आजोबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आणि मग त्याने मागे वळून पाहिलं, ताईला शोधत, हसत, शेजारची जागा मोकळी ठेवून.

"ताई, हे काय गं?" धाकटीने तिचा दंड पकडला.

ताईचा आकडा अजून पुकारलाच नव्हता. दुसरी तुकडी झाली, तिसरी झाली, चौथीत तिचा आकडा आला. तेव्हा त्याचं हसू जे उतरलं, ते तिला इतक्या लांबूनही स्पष्ट दिसलं. तो तिच्यासाठी हळू पळाला होता. नेमका तिच्या जुन्या वेळेइतका हळू. दोन रविवार रेषेवर उभा राहून ती वेळ त्याने बरोबर टिपली होती. आणि ती त्याच्यासाठी जोरात पळाली होती. दोघं एकमेकांपर्यंत पोचायला निघाले आणि एकमेकांना ओलांडून गेले. सारा महिना एवढं डोकं लावून, आता तो तिच्या आधी सुटणार होता आणि ती उभी राहून त्याची पाठ बघणार होती. पुन्हा तेच.

मागून कुजबुज सुरू झाली. "लवकर सुटायचं आणि मग जोरात पळून जिंकायचं, सोपंय." "तीन वर्षं जिंकूनही हाव सुटत नाही माणसाची." शिट्टीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यांचे जुने विद्यार्थी असते तर कान धरून उभे राहिले असते. मग त्यांनी शिट्टी फुंकली, आणि तो निघाला.

ताईची तुकडी सुटेपर्यंतचा वेळ जाता जाईना. सुटली तशी ती सुसाट निघाली. राग कुणाचा आला होता तेही कळत नव्हतं. त्याचा, त्या कुजबुजणाऱ्यांचा, स्वतःचा, सगळ्यांचाच. पहिली फेरी संपता संपता तिला तो दिसला. आजोबांच्याही मागे, रमतगमत, दर चार पावलांवर मान वळवून मागे बघत.

"तुम्ही... हे काय करताय?" ती त्याच्या शेजारी आली.

"वाट बघतोय."

"पळा."

"पळतोय की. तुमच्या वेगाने."

"हा माझा वेग नाही. होता. मी जिने चढून चढून मेले तुमच्याबरोबर सुटायला."

तो अडखळला. "माझ्याबरोबर? अहो, पण मी तर..."

"दिसलं मला तुम्ही काय केलंत ते. कुणी सांगितलं होतं? चौथ्या वर्षाचा करंडक घालवलात."

"तीन आहेत घरी. एकात चमचे ठेवतो, एकात स्क्रू. तिसरा रिकामाच आहे. चौथ्याचं मी काय करू?"

"लोक लबाड म्हणताहेत तुम्हाला."

"ऐकलं." क्षणभर त्याचा आवाज खाली गेला. लागलं होतं त्याला. "त्याचं ठरवलंय मी. शेवटचा येईन. शेवटच्या आलेल्याला कुणी लबाड कसं म्हणेल?"

दोघं समोर बघत पळत होते. उजवीकडे तळं, डावीकडे झाडं, आणि बाजूने माणसं त्यांना मागे टाकून जात होती. तिला ते जाणवत होतं आणि तिची पावलं चुळबुळत होती, याचाही तिला धक्काच बसला.

"ऐका," ती म्हणाली. "माझ्यासाठी कुणी मागे राहिलेलं मला चालत नाही. पुढे निघून गेलेलं तर नाहीच नाही."

"मग मी राहू कुठे?"

"शेजारी," ती म्हणाली. तोंडातून गेलं, आणि मग काय गेलं ते तिला ऐकू आलं.

मग तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "पुढच्या रविवारी शर्यत नाही. मग मी... कुणासाठी थांबू?"

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. पण ती पन्नाशीची होती, पाटी लावलेली, आणि पाठींशी बोलण्यात तिची बरीच वर्षं गेली होती.

"असं नाही," ती म्हणाली. "रस्त्याला विचारू नका. मला विचारा. माझ्याकडे बघून."

त्याने मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाहिलं. तोंड उघडलं... आणि एका मुळाला ठेचकाळून पडता पडता वाचला. पुन्हा सावरला तेव्हा नजर रस्त्यावर होती आणि कान लालबुंद.

"नाही जमत हो," तो पुटपुटला.

"जमेल तेव्हा विचारा. मी पुढे जातेय. पण थांबेन."

आणि ती गेली. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता. एकेक पाठ जवळ येत गेली आणि मागे पडत गेली. पहिला आला एक निवृत्त पोस्टमन, हात उंचावून. त्याच्यामागे आणखी कुणी कुणी, आणि मग, कमान अजून उभी असताना, टाळ्या अजून चालू असताना, ताई. धाकटी एका पायावर नाचत होती.

पण ताई रेषेवरून हलली नाही. माणसं येत राहिली, आजोबा आले, आज्या आल्या. कमान उतरली. टेबलं मिटली. शिट्टीबाई केशरी कोन उचलायला आल्या, तर तिने तो धरून ठेवला.

"आले की सगळे," शिट्टीबाई म्हणाल्या.

"एक यायचाय."

शिट्टीबाईंनी तळ्याच्या वळणाकडे पाहिलं. तिथून तो येत होता, एकटा, शेवटचा, सगळ्यांना दिसेल असा. मग त्यांनी ताईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला.

"असं होय," त्या म्हणाल्या. "जिंकायला लबाडी करणारे पुष्कळ पाहिले मी. हरायला लबाडी करणारा हा पहिलाच." आणि शिट्टी खिशात टाकून त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

तो जवळ आला तेव्हा ताई म्हणाली, "रेषा इथे आहे."

त्याने रेषा ओलांडली, पाणी घेतलं, आणि पेल्यातच बघत प्याला. "माझ्यासाठी कधी कुणी थांबलं नव्हतं," तो म्हणाला. "मीच आधी पोचायचो ना. पोचलं, की कुणीच नसायचं."

"पुढच्या रविवारी सकाळी घरी या," ती म्हणाली. "प्रश्न घेऊन या."

आणि तो रविवार हा. घंटा वाजली तेव्हा ताईच्या एकाच पायात मोजा होता, कारण दुसरा धाकटीच्या पलंगावर होता.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि खाली पळायचे बूट. खुर्चीच्या कडेवर बसला. चहाच्या कपाकडे बघत पडद्याचं कौतुक केलं, पडद्याकडे बघत हवेचं. धाकटीला त्याने लिफ्टचे दोर कसे तपासतात ते इतकं समजावून सांगितलं, की तिला उद्यापासून नोकरी मिळाली असती. ताईकडे मात्र त्याने पाहिलं नाही. एकदा पाहिलं, दीर्घ श्वास घेतला, आणि विचारलं, "साखर आहे का आणखी?"

ताईच्या मनातलं काहीतरी खाली खाली गेलं. चांगला माणूस होता, थांबणारा माणूस होता, पण आयुष्यभर दाराकडे बघत बोलणारा. तिला पाठींचा कंटाळा आला होता, मग त्या शेजारी का असेनात. चहा संपला. बोलणं संपलं.

"चला, तळ्यापर्यंत जाऊन येऊ," ती उठली. आवाज नेहमीचा ठेवायला तिला बरेच कष्ट पडले.

दोघं लिफ्टमध्ये शिरले. दार मिटलं. तो दाराकडे बघत उभा राहिला, ती दाराकडे बघत उभी राहिली. लिफ्ट हलली. एक मजला गेला.

मग त्याने ते केलं. लिफ्टमध्ये कुणीच करत नाही ते. तो वळला, दाराकडे पाठ केली, आणि तिच्यासमोर, हातभर अंतरावर, उभा राहिला. कान लाल झाले होते, पण डोळे हलले नाहीत.

"मला तुमच्याबरोबर राहायचंय," तो म्हणाला. "पुढे नाही. मागे नाही. शेजारी... आणि कधीकधी असं, समोर. प्रयत्न करीन मी. तुम्हाला चालेल?"

ज्या प्रश्नासाठी ती एवढे जिने चढली, तो आला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. आणखी एक मजला गेला.

"घाई नाही," तो म्हणाला, डोळे न हलवता. "मला थांबायची सवय आहे."

तळमजला आला. त्याच्या पाठीमागे दार उघडलं. बाहेर खालच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आत पाहिलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि काही न बोलता दोन पावलं मागे सरकल्या. दोघांपैकी कुणीच उतरलं नाही. दार पुन्हा मिटलं, आणि कुणीतरी वरून बोलावल्यामुळे लिफ्ट वर निघाली.

"चालेल," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिने लपवलं नाही. "अहो, किती उशीर केलात. चालेल."

तिने त्याचा हात धरला. तो अजूनही तिच्याकडेच बघत होता, दार आहे हे विसरून गेल्यासारखा. त्यामुळे ताईच्या मजल्यावर दार उघडलं तेही त्याला कळलं नाही. बाहेर एका पायावर उभी होती धाकटी, हातात त्याची घरी विसरलेली टोपी घेऊन. तिने त्याची पाठ पाहिली, दोघांचे हात पाहिले, आणि मग ताईचा चेहरा.

"ताई," ती म्हणाली, "तोंड मीट."

पण ताईला ते मिटताच येईना. ती हसत होती, आणि तिचेही सगळे दात स्वतःचे होते.